नाक मेलं तर वास कोण घेणार?

मंडळी, मेसमध्ये आज काय शिजलंय हे जिन्यातच ओळखणारी नाकं आपल्या हॉस्टेलमध्ये कमी नाहीत. पण हेच तीक्ष्ण नाक मेसमध्ये दहा मिनिटं बसलं की त्याला करपलेल्या फोडणीचा वास येईनासा होतो. बाहेरून आलेली मैत्रीण विचारते, "काय जळतंय गं?" आणि आपण म्हणतो, "कुठे काय?" वास हवेत तेवढाच असतो. नाकाने फक्त रिपोर्ट पाठवणं बंद केलेलं असतं. जे नवीन असेल ते मेंदूला कळवायचं, तेच तेच कळवत बसायचं नाही, असा नाकाचा कारभार आहे. हॉस्टेलमध्ये राहणाऱ्यांना हे फार सोयीचं आहे (सॉक्सचा विषय मी इथे काढत नाही). पण काही जागा अशा आहेत जिथे नाकाचा हा स्वभाव जिवावर बेततो.

गेल्या वर्षी इंडस्ट्रियल व्हिजिटला आम्ही कोकण किनाऱ्यावरच्या एका बर्फाच्या कारखान्यात गेलो होतो. मासे टिकवायला जो बर्फ लागतो तो तिथे तयार होतो. अशा कारखान्यांत थंडावा निर्माण करायला बहुतेक करून अमोनिया वापरतात. तो उणे ३३ अंश सेल्सियसला उकळतो, उकळताना भरपूर उष्णता खेचून घेतो आणि स्वस्त पडतो. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात हे सगळं लिहून आम्ही पास झालो होतो. पण कॉम्प्रेसर रूममध्ये पाऊल टाकलं आणि अर्ध्या बॅचच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिथले ऑपरेटर काका मात्र स्टुलावर निवांत चहा पीत होते.

"काका, तुम्हाला वास येत नाही?"

"ताई, बावीस वर्षं इथंच आहे मी. माझं नाक मेलंय. तुमच्यासारखं कोण नवीन आलं आणि खोकलं, की मग मी वात पेटवतो."

वात म्हणजे गंधक लावलेली कांडी. ती पेटवून पाइपच्या जोडांजवळून फिरवायची. जळत्या गंधकातून सल्फर डायऑक्साइड निघतो आणि जिथे अमोनिया गळत असेल तिथे दोघांचा दाट पांढरा धूर होतो. गळती कुठे आहे ते दिसतं. युक्ती जुनी, स्वस्त आणि हुशार आहे, मला ती मनापासून आवडली. फक्त एक अडचण आहे. वात पेटवायची केव्हा, हे कोणी सांगायचं? आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी अमोनियाची मर्यादा साधारणपणे २५ पीपीएम धरतात, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग. ३०० पीपीएम झालं की जागा ताबडतोब सोडायची. २५ आणि ३०० यांच्या मधला फरक सरावलेल्या नाकाला भरवशाने सांगता येत नाही. तिथे आकडा दाखवणारं काहीतरी हवं.

अमोनियाचे सेन्सर बाजारात मिळतात. ते बहुतेक इलेक्ट्रोकेमिकल जातीचे असतात आणि वाईट मुळीच नसतात. पण त्यांच्या आतलं रसायन हळूहळू संपतं किंवा सुकतं, आणि काही वर्षांनी सेल बदलावा लागतो. छोट्या कारखान्यात तो वेळेवर बदलला जातोच असं नाही. म्हणून संशोधक दुसरे मार्ग शोधत राहतात. त्यातला एक मार्ग मला इतका मजेदार वाटला की सेमिनारला मी तोच विषय घेतला. एक स्फटिक, त्याच्या पाठीवरून धावणारी लाट, आणि त्या लाटेच्या वाटेत अंथरलेलं वीज वाहणारं प्लॅस्टिक.

स्फटिकाच्या पाठीवरची लाट

आधी लाट. १८८५ मध्ये लॉर्ड रॅले यांनी गणिताने दाखवून दिलं की घन पदार्थाच्या पृष्ठभागाला धरून एक प्रकारची लाट जाऊ शकते. ती खोल जात नाही, साधारण एका तरंगलांबीइतक्या जाडीतच तिची बहुतेक सगळी ऊर्जा असते. भूकंपात जमीन हलवत जाणाऱ्या लाटांमध्ये ही एक असते. इंग्रजीत हिला सरफेस अकूस्टिक वेव्ह म्हणतात. माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे 'पृष्ठीय ध्वनितरंग' असा भारदस्त शब्द मी उच्चारला की रूममेटला हसू फुटतं. तेव्हा आपण सरळ 'सॉ' म्हणू. सुताराच्या करवतीशी हिचा काही संबंध नाही.

भूकंपातली ही लाट काही किलोमीटर लांबीची असू शकते. ती सूक्ष्म करून चिपवर आणायची तर ती सुरू करायला आणि ओळखायला सोपी तऱ्हा हवी. ती मिळाली पिझोइलेक्ट्रिक स्फटिकांमुळे. १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं होतं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर विद्युतभार दिसतो. व्होल्टेज दिलं की ते उलट किंचित आकसतात किंवा ताणतात, हेही लवकरच कळलं. १९६५ मध्ये बर्कलीला व्हाइट आणि व्होल्टमर यांनी अशा स्फटिकावर धातूच्या दोन फण्या एकमेकींत दात अडकवून ठेवल्या. केस विंचरायच्या दोन फण्या समोरासमोर धरून एकीचे दात दुसरीच्या फटींत घाला, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. दात एकमेकांना टेकायचे मात्र नाहीत. एका फणीला प्लस, दुसरीला मायनस, आणि हे एका सेकंदात दहा कोटी वेळा उलटसुलट करायचं. दातांमधला स्फटिक तेवढ्याच वेळा आकसतो आणि फुगतो, आणि पृष्ठभागावरून लाट निघते. काही मिलिमीटर पलीकडे फण्यांची दुसरी जोडी असते, ती आलेल्या लाटेचं परत व्होल्टेज करते.

आकड्यांत सांगते. लिथियम नायोबेट नावाच्या स्फटिकाच्या एका नेहमीच्या कापावर ही लाट सेकंदाला सुमारे ३४८८ मीटर जाते. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्यातली फ्रिक्वेन्सी. तिथे रेडिओ लहरीची लांबी ३ मीटर भरते, आणि याच फ्रिक्वेन्सीला सॉ लाटेची लांबी भरते फक्त ३५ मायक्रॉन. फणीचा एक दात तिच्या चौथ्या हिश्शाएवढा, म्हणजे ९ मायक्रॉनच्याही किंचित आत. आपला केस याच्या कित्येक पट जाड असतो. एवढी बारीक नक्षी फोटोलिथोग्राफीने काढतात. हे सगळं फार परकं वाटत असेल तर खिशातला मोबाइल चाचपून बघा, नको असलेल्या फ्रिक्वेन्सी गाळायला त्यात सॉ फिल्टर असतात. आपल्या घरांतल्या जुन्या रंगीत टीव्हीतही ते होते.

फिल्टर बनवणाऱ्यांना एक डोकेदुखी होती. स्फटिकाच्या पाठीवर जरा काही बसलं, धूळ असो की वाफ, तर लाटेचा वेग बदलायचा. म्हणून ते चिप डबीत हवाबंद करून टाकायचे. १९७९ मध्ये वोल्टयेन आणि डेसी यांनी उलटा विचार केला. बसू द्या ना! पाठ उघडी ठेवू, तिच्यावर वास शोषणारा पॉलिमर पातळ लेपू आणि वेग किती बदलला ते मोजू. फिल्टरवाल्यांचा वैताग सेन्सरवाल्यांची रोजीरोटी झाला.

वेग थेट मोजत बसत नाहीत. दोन फण्यांच्या मध्ये अँप्लिफायर जोडून ऑसिलेटर बनवतात. लाटेचा वेग बदलला की ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी तेवढ्याच टक्क्यांनी बदलते, आणि फ्रिक्वेन्सी ही आपल्याला सगळ्यात अचूक मोजता येणारी गोष्ट आहे. क्वार्ट्झवरच्या १०० मेगाहर्ट्झच्या सेन्सरवर दर चौरस मिलिमीटरला एक नॅनोग्रॅम वजन बसलं तर फ्रिक्वेन्सी साधारण सव्वा किलोहर्ट्झने खाली येते. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आणि फ्रिक्वेन्सी काउंटर एकेक हर्ट्झ मोजतो!

मग झालं की काम? टोल्यूइनसारख्या जड वाफांसाठी बऱ्यापैकी झालं. पॉलिआयसोब्युटिलीनसारखा रबरी लेप त्या वाफा छान शोषतो. पण अमोनियाचा रेणू फक्त १७ वजनाचा, टोल्यूइनचा ९२. त्यातून अमोनिया हवेत काही पीपीएमच आणि लेपात त्याचा थोडासा अंश. नुसतं वजन मोजून अमोनिया पकडायला जाणं म्हणजे ट्रक मोजायच्या वजनकाट्यावर ड्रायव्हरच्या खिशातली चिल्लर मोजण्यासारखं आहे. इथे प्लॅस्टिकची एन्ट्री होते.

वीज वाहणारं प्लॅस्टिक

प्लॅस्टिक वीज वाहत नाही, म्हणून तर वायरवर प्लॅस्टिक चढवतात. ही समजूत मोडली १९७७ मध्ये. त्यामागची हकिगत केमिस्ट्रीच्या तासाला सांगतात तशी कोरडी नाही. तोक्योत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिअ‍ॅसिटिलीन बनवताना कॅटॅलिस्ट चुकून हजारपट जास्त पडला आणि काळ्या भुकटीऐवजी चंदेरी चकचकीत फिल्म तयार झाली. पुढे तोक्योतल्याच एका सेमिनारच्या कॉफी ब्रेकमध्ये शिराकावांची अ‍ॅलन मॅकडायर्मिड यांच्याशी गाठ पडली. मॅकडायर्मिडनी त्यांना पेनसिल्व्हेनियाला बोलावून घेतलं, तिथे अ‍ॅलन हीगर होते. तिघांनी त्या फिल्मला आयोडिनची वाफ दिली आणि तिची वाहकता लाखो पटींनी वाढली. २००० सालचं केमिस्ट्रीचं नोबेल या तिघांना मिळालं. (सेमिनारला फक्त समोशांसाठी जाणाऱ्यांनी कॉफी ब्रेकचं महत्त्व लक्षात घ्यावं.)

पॉलिअ‍ॅसिटिलीन हवेत टिकत नाही. सेन्सरसाठी जो मुलगा आपल्या कामाचा, तो पॉलिअ‍ॅनिलीन. याचं खानदान थेट आपल्याकडचं निघतं. १८२६ मध्ये उनफरडॉर्बेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने नीळ तापवून तिच्यातून एक तेलकट द्रव काढला. संस्कृत 'नील' अरबीतून पोर्तुगीजमध्ये जाऊन 'आनिल' झाला होता, त्यावरून पुढे या द्रवाला अ‍ॅनिलीन नाव पडलं. म्हणजे पॉलिअ‍ॅनिलीन हे नाव म्हणताना आपण दरवेळी आपली नीळच म्हणत असतो. पूजेचा कापूरही या गोष्टीत आहे. पॉलिअ‍ॅनिलीन सहजी कशात विरघळत नाही, पण कापरापासून केलेलं एक आम्ल, कॅम्फर सल्फोनिक अ‍ॅसिड, त्याला लावलं की ते काही द्रावकांत विरघळतं आणि त्याचा पातळ, चांगली वीज वाहणारा लेप देता येतो. १९९२ च्या सुमाराला हीगर यांच्याच गटाने हे दाखवलं.

पॉलिअ‍ॅनिलीनची खासियत ही की त्याची वाहकता आम्लावर चालते. आम्लात बुडवलं की त्याच्या साखळीवर प्रोटॉन चढतात, रंग हिरवा होतो आणि वाहकता सेंटिमीटरला एक सीमेन्सच्या आसपास जाते. प्रोटॉन काढून घेतले की रंग निळा आणि वाहकता त्याच्या हजार कोटीव्या हिश्शापर्यंत खाली. आता अमोनिया काय करतो ते तुम्हीच सांगा. अल्कली आहे तो, समोर प्रोटॉन दिसला की उचलतो आणि अमोनियम होतो. म्हणजे खोलीत अमोनिया आला की पॉलिअ‍ॅनिलीन थोडं थोडं 'निळं' होतं, त्याचा रोध वाढतो. अमोनिया निघून गेला की अमोनियम प्रोटॉन परत करतो आणि लेप पुन्हा हिरव्याकडे येतो.

हे बघायला सॉ चिप लागत नाही. केमिस्ट्री लॅबमध्ये मॅडमच्या देखरेखीखाली आम्ही तिघींनी काचेच्या स्लाइडवर हे करून पाहिलं. अ‍ॅनिलीन हायड्रोक्लोराइडचं पाण्यातलं द्रावण, त्यात अमोनियम परसल्फेटचं द्रावण आणि बाहेरून बर्फ. काही मिनिटं काहीच होत नाही, मग द्रावण निळसर होतं आणि बघता बघता गडद हिरवा गाळ तयार होतो. आत उभी ठेवलेली स्लाइड बाहेर काढली की तिच्यावर शंभर नॅनोमीटरच्या आसपास जाडीची पारदर्शक हिरवी फिल्म बसलेली असते. अमोनियाच्या बाटलीचं झाकण उघडून स्लाइड वर धरा, निळी. एचसीएलच्या बाटलीवर धरा, हिरवी. लॅबमधल्या मामांनी हा खेळ चार वेळा करायला लावला. पण अ‍ॅनिलीन विषारी आहे आणि कातडीतून अंगात जातं, म्हणून फ्यूम हूड आणि ग्लोव्ह्ज यांत सूट नाही.

मग कोणी विचारेल, स्लाइडला मल्टिमीटर लावला की सेन्सर तयार, सॉची भानगड कशाला? प्रश्न बरोबर आहे, आणि नुसता रोध मोजणारे पॉलिअ‍ॅनिलीनचे सेन्सर केलेलेही आहेत. पण त्यात धातूची टोकं लेपाला टेकवावी लागतात, तो सांधा कालांतराने बिघडतो आणि रोध लेपाचा वाढला की सांध्याचा, ते कळत नाही. सॉमध्ये लेपाला वायर जोडायचीच नसते. लाट त्याच्या खालून जाते आणि जाता जाता त्याची विचारपूस करते. शिवाय उत्तर फ्रिक्वेन्सीत मिळतं.

ना फार चांगला, ना फार वाईट

आता या विषयातला मला सगळ्यात आवडलेला भाग. पिझोइलेक्ट्रिक स्फटिकावरून लाट जाते तेव्हा तिच्यासोबत विद्युतक्षेत्रही जातं, थोडंसं पृष्ठभागाच्या वरही डोकावतं. हे क्षेत्र स्फटिकाला जरा ताठ करतं, म्हणून लाट जरा जोरात पळते. वर वाहक लेप असला तर त्यातले विद्युतभार या क्षेत्रामागे धावतात आणि त्याला शॉर्ट करतात. ताठपणा जातो, लाट मंदावते. लिथियम नायोबेटच्या या कापावर पूर्ण शॉर्ट झालेली लाट सुमारे २.४ टक्के मंद होते. १०० मेगाहर्ट्झला हा फरक २४ लाख हर्ट्झचा. वजनाच्या परिणामातले हजार-दोन हजार हर्ट्झ आठवा! १९८५ मध्ये अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या रिको, मार्टिन आणि झिपेरियन यांनी याच परिणामावर सॉ सेन्सर करून दाखवला. त्यांचा लेप लेड थॅलोसायनिनचा होता आणि वायू नायट्रोजन डायऑक्साइड. पॉलिमर नव्हता, पण युक्ती हीच.

पहिल्यांदा वाचलं की वाटतं, चला, जितका चांगला वाहक लेप तितका चांगला सेन्सर. तसं नाही. लेप फार चांगला वाहक असेल तर क्षेत्र आधीच पूर्ण शॉर्ट झालेलं असतं. वाहकता निम्मी झाली तरी शॉर्ट तो शॉर्टच, लाटेला पत्ता लागत नाही. लेप फारच वाईट वाहक असेल तर त्यातल्या भारांना लाटेबरोबर पळता येत नाही, आणि लाटेच्या दृष्टीने लेप जणू नाहीच. मधे एक जागा आहे जिथे लेपातल्या भारांची चाल लाटेच्या चालीशी बरोबर जुळते. लिथियम नायोबेटसाठी हिशेब केला तर ही जागा लेपाच्या चौकोनी तुकड्याचा रोध ६ लाख ओहमच्या आसपास असताना येते.

गणित करून बघू. समजा वाटेवर सगळीकडे लेप आहे आणि अमोनियामुळे लेपाची वाहकता निम्मी झाली. सुरुवातीला लेप या जुळत्या जागेपेक्षा २० पट चांगला वाहक असेल तर फ्रिक्वेन्सी सुमारे १८ किलोहर्ट्झने बदलेल. ६ पट असेल तर पावणेदोनशे किलोहर्ट्झ. बरोबर जुळत्या जागेवर असेल तर ७२० किलोहर्ट्झ! अमोनिया तोच, रसायन तेच, फरक चाळीस पटींचा. आणि आपली स्लाइडवरची फिल्म कुठे बसते? सेंटिमीटरला एक सीमेन्स आणि जाडी शंभर नॅनोमीटर धरली तर चौकोनाचा रोध येतो १ लाख ओहम, म्हणजे जुळत्या जागेपासून साधारण सहा पट दूर. लेप जरा पातळ करायचा किंवा आम्ल जरा कमी लावायचं, की आपण ठिकाणावर. एरवी पॉलिमर जास्तीत जास्त वाहक व्हावा म्हणून धडपडायचं असतं, इथे मुद्दाम त्याला जरा 'ढ' ठेवायचं.

पण थांबा, लाट काही फुकट देत नाही. ज्या जागी ती लेपाशी सगळ्यात जास्त बोलते, तिथेच ती सगळ्यात जास्त दमते. लेपात पळणारे भार रोधामुळे उष्णता करतात आणि ती ऊर्जा लाटेतूनच जाते. लिथियम नायोबेटवर जुळत्या जागी दर तरंगलांबीला सुमारे ०.६५ डेसिबल नुकसान होतं. शंभर तरंगलांब्यांचा, म्हणजे साडेतीन मिलिमीटरचा लेप दिला तर ६५ डेसिबल. लाटेच्या शक्तीचा तीस लाखांत एक भाग पलीकडे पोचेल आणि ऑसिलेटर बंदच पडेल. म्हणून अशा स्फटिकावर लेपाची पट्टी अरुंद ठेवतात, दहाएक तरंगलांब्यांची. मग नुकसान साडेसहा डेसिबलवर येतं, पण वेगातला फायदाही पट्टीच्या प्रमाणात घटतो. शिवाय लेप फण्यांवर सांडू द्यायचा नाही, नाहीतर दातच एकमेकांना शॉर्ट होतात.

क्वार्ट्झ हा दुसरा पर्याय. त्याच्यात पिझो परिणाम कितीतरी कमजोर. पूर्ण शॉर्टने वेग ०.०६ टक्क्यांच्या आसपास बदलतो, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला साठेक किलोहर्ट्झ, पण शंभर तरंगलांब्यांना नुकसान दीड-पावणेदोन डेसिबलच. आणि क्वार्ट्झचा एसटी नावाचा काप खोलीच्या तापमानाला जवळजवळ तापमाननिरपेक्ष असतो. लिथियम नायोबेट मात्र एक अंश तापमान बदललं की १०० मेगाहर्ट्झला नऊ किलोहर्ट्झच्या वर सरकतो. कॉम्प्रेसरचं दार कोणी उघडं टाकलं आणि वारा आला, तर अमोनिया आला म्हणून बोंब! मला विचाराल तर बर्फाच्या कारखान्यासाठी मी क्वार्ट्झ घेईन. कमी बोलणारा पण खरं बोलणारा बरा. आमचे सर लिथियम नायोबेटच्या बाजूचे आहेत, तापमानाचं इलेक्ट्रॉनिक्सने बघून घेऊ म्हणतात.

दोन परिणाम एकमेकांविरुद्ध जातात हेही लक्षात घ्या. अमोनिया लेपात शिरला की वजन वाढतं आणि फ्रिक्वेन्सी खाली ओढली जाते. त्याच वेळी वाहकता घटते, लाट मोकळी होते आणि फ्रिक्वेन्सी वर जाते. लेपाची वाहकता जुळत्या जागेच्या आसपास असली की वाहकतेचा परिणाम भारी पडतो. जागेपासून फार दूर असली की दोघं एकमेकांना खातात आणि काउंटरवर जेमतेम काही दिसतं.

पावसाळा आणि इतर भानगडी

प्रयोगशाळेतल्या कोरड्या नायट्रोजनमध्ये हे सगळं झकास चालतं. कोकणातल्या जुलैत काय? पॉलिअ‍ॅनिलीनला पाणी आवडतं. हवेत दमटपणा वाढला की पाणी लेपात शिरतं, वाहकता साधारणपणे वाढते आणि अमोनियाचा परिणाम झाकला जातो. बर्फाच्या कारखान्यात तर बाराही महिने ओल. यावर नेहमीचा उपाय म्हणजे एकाच स्फटिकावर शेजारी शेजारी दोन वाटा, एकीवर लेप उघडा, दुसरी बंद किंवा बिनलेपाची, आणि मोजायचा तो दोघींच्या फ्रिक्वेन्सींतला फरक. तापमानाचा दोघींवर सारखाच परिणाम होतो, तो वजाबाकीत जातो. दमटपणा मात्र बिनलेपाच्या वाटेला लेपाइतका जाणवत नाही, म्हणून तो वजाबाकीत पूर्ण जात नाही. त्यासाठी वेगळा दमटपणाचा सेन्सर ठेवून हिशेबात दुरुस्ती करावी लागते.

वायू ओळखण्याची भानगड वेगळीच. पॉलिअ‍ॅनिलीनला अमोनिया म्हणून कोणी कळत नाही, त्याला आम्ल आणि अल्कली एवढंच कळतं. सडक्या मासळीतून निघणारे अमाइनसुद्धा अल्कलीच. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्याला ही गंमत परवडणारी नाही. म्हणून एक सेन्सर न ठेवता वेगवेगळ्या लेपांचे चार-सहा ठेवतात, आणि कोणी किती 'हो' म्हटलं त्याच्या नमुन्यावरून वायू ओळखतात.

लेप दमतो, हेही सांगायला हवं. एचसीएलने हिरवं केलेलं पॉलिअ‍ॅनिलीन वर्षभरात हळूहळू आम्ल गमावतं. जास्त अमोनिया बसला तर लेपातच अमोनियम क्लोराइड होतं आणि सुरुवातीची रेषा परत येत नाही. गरम हवा दिली तर बराचसा सुधारतो, पूर्ण नाही. कापरावरचं ते आम्ल रेणूने मोठं, ते सहजासहजी उडून जात नाही, त्यामुळे असे लेप जास्त टिकाऊ ठरतात. याच कारणासाठी पॉलिअ‍ॅनिलीनवरचे सॉ सेन्सर अजून मुख्यतः प्रयोगशाळांतच आहेत आणि कारखान्यांत इलेक्ट्रोकेमिकल सेल आहेत. मेलबर्नच्या आरएमआयटीमध्ये पॉलिअ‍ॅनिलीनचे नॅनोतंतू सॉ चिपवर पसरून हायड्रोजन ओळखण्याचं काम २००६ च्या सुमारास झालं. लेप तंतूंचा असला की वायूला आत शिरायला वाटा जास्त, उत्तर लवकर मिळतं. आपल्याकडे दिल्लीच्या सॉलिड स्टेट फिजिक्स लॅबोरेटरीने युद्धातल्या विषारी वायूंसाठी सॉ सेन्सरवर काम केलं आहे.

याहून जवळचं आणि याहून वाईट उदाहरण गटारातल्या हायड्रोजन सल्फाइडचं. सडक्या अंड्याचा वास सगळ्यांना माहीत असतो, पण १०० पीपीएमच्या आसपास हा वायू वास घेणारी नसच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटून माणूस आणखी खाली उतरतो. २०१३ मध्ये कायदा झाला, तरी मॅनहोलमध्ये माणसं मरायची थांबलेली नाहीत. आधी माणसाला आत उतरवूच नये, सेन्सर नंतर, हे मला मान्य आहे. पण केमिस्ट्री म्हणून पाहिलं तर हा वायू इतका दुबळा आम्ल आहे की साधं पॉलिअ‍ॅनिलीन त्याला फारशी दाद देत नाही. लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये रिचर्ड केनर यांच्या गटाने तंतूंमध्ये कॉपर क्लोराइडसारखे क्षार मिसळले. हायड्रोजन सल्फाइड आला की कॉपर सल्फाइड बनतं आणि एचसीएल सुटतं. एचसीएल जोरदार आम्ल, ते पॉलिअ‍ॅनिलीनला लगेच वाहक करतं. वायू स्वतः बोलत नाही म्हणून त्याच्याकडून दुसऱ्याला बोलवून घ्यायचं.

बॅटरीचं शेवटी सांगते, कारण इलेक्ट्रॉनिक्सवाले यावरच सगळ्यात जास्त उड्या मारतात. सॉ चिपच्या फणीला अँटेना जोडली तर तिला बॅटरीची गरज उरत नाही. दुरून रेडिओचा एक ठोका पाठवायचा, फणी त्याची लाट करते, लाट स्फटिकावरच्या आरशासारख्या पट्ट्यांवर आपटून परत येते आणि अँटेनातून उत्तर निघतं. एक मायक्रोसेकंदात रेडिओ लहर ३०० मीटर जाते आणि सॉ लाट फक्त साडेतीन मिलिमीटर. त्यामुळे खोलीतल्या भिंती, पाइप, टाक्या यांच्यावरून येणारे सगळे प्रतिध्वनी विरून गेल्यावर चिपचं उत्तर एकटं, उशिरा येतं आणि स्पष्ट वेगळं ओळखू येतं. लेपाने लाट जितकी मंदावली तितकं उत्तर आणखी उशिरा. अमोनियाच्या पाइपच्या प्रत्येक जोडाजवळ अशी बिनवायरची, बिनबॅटरीची चिप चिकटवायची आणि वाचक यंत्र बाहेर व्हरांड्यात ठेवायचं, म्हणजे आकडा बघायला काकांना खोलीत शिरावं लागणार नाही.